उभ्या शिंगाचा घ

मुनीर टिनवाल्याला नागरी वाचता येत न्हवतं, हे पयले लिही बाळा, म्हंजी पुढचं सगळं बराबर ध्यानात येतं. जालन्याच्या मोंढ्यात, म्हंजी दान्याच्या बाजारात, ज्या मानसानं वीस वर्सं पोत्यापोत्यावर नावं उमटवली, जवारी कोन्या गावची, सरकी कोन्या शेठची, बियानं कोन्या दुकानाचं, त्याला त्यातलं एक बी नाव वाचता येत न्हवतं. उर्दू शाळेत चौथी शिकल्ता तो. नागरी त्याला नुस्ती दिसायची, जसं आपल्याला नक्षीकाम दिसतं.

मोंढ्याच्या फाटकापाशी एक कडुलिंबाचं झाड व्हतं. त्याच्या बुडाशी, तिन्ही बाजूनं पत्रा मारलेलं मुनीरचं दुकान. चिमन्या, गाळन्या, डबे, नाळके, सगळं करायचा. पर त्याचा जीव छाप्यात. छापा म्हंजी काय, तर पत्र्याचा तुकडा घ्यायचा आन् त्यात छिन्नीनं अक्षर आरपार कापायचं. मंग तो पत्रा पोत्यावर ठेवायचा, वरून काळ्या रंगाचा कुंचा फिरवायचा, पत्रा उचलला की खाली अक्षर बसलेलं. एका छाप्यावर हज्जार पोते निघायचे.

मुनीरच्या बापानं निजामाच्या राज्यात उर्दूचे छापे कापले. राज्य गेलं, मराठी आली, मंग बापलेकानं नागरीला हात घातला. शेठ कागदावर नाव लिहून द्यायचा, मुनीर तो कागद खळीनं पत्र्यावर चिटकवायचा आन् कडाकडानं कापत जायचा. अक्षराला त्यानं आपलीच नावं ठेवल्ती. ठ म्हंजी मटका. ळ म्हंजी चष्मा. ह म्हंजी म्हातारा खोकून राह्यला. आन् अक्षराच्या डोक्यावरची रेघ पाहून तर त्याला हसूच यायचं.

"आमच्या उर्दूतले अक्षरं नावेवानी पान्यावर चालतेत," तो म्हनायचा, "आन् तुमचे सगळे दोरीवर वाळत घातलेले!"

ह्या कामात एक खोड असती. काही अक्षराला पोट असतं. व ला पोट, ठ ला पोट. आरपार कापलं की पोटाचा पत्रा टपकन खाली पडतो, आन् पोत्यावर उमटतो तो नुस्ता काळा डाग. म्हनून पोट धरून ठेवायला मधी पत्र्याची पट्टी सोडावी लागती. मुनीर तिला पूल म्हनायचा. डोक्यावरच्या रेघेत बी पूल लागायचा, न्हाईतर लांबच लांब भोक पडून पत्रा लवायचा, कुंचा अडकायचा. एवढं करून बी कधी कधी पोट निसटायचंच. मुनीरची बायको मैमूना दुपारी भाकरी घेऊन यायची, तवा ती दुकानात खाली बसून ते पोटं येचायची. कोनी चंद्रकोरीवानी, कोनी थेंबावानी, कोनी चिंचोक्यावानी. डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची आन् डबा कानापाशी नेऊन हलवायची.

"क्या करती जमा करके?" मुनीर इचारायचा.

"तुमारे हर्फां के पेटां हैं. फेंकना कैसे?" ती म्हनायची, हर्फ म्हंजी अक्षर, आन् डबा फळीवर ठेवायची.

दुकानावर पाटी बी व्हती. एका मास्तरानं कागदावर 'मुनीर टिनवाला' लिहून दिल्तं, मुनीरनं सवताच्या हातानं कापलं, दर अक्षराच्या डोक्यावर मधोमध पूल सोडला, मागून पांढरा पत्रा लावला आन् दारावर टांगलं. येनारे जानारे पाटी वाचायचे आन् गालातल्या गालात हसायचे. मुनीरला वाटायचं, कौतुक करून राह्यले. तो बी त्याइच्याकडं पाहून हसायचा, कपाळाला हात लावून सलाम करायचा. वीस वर्सं असं चाललं.

मंग पंच्याहत्तर साल आलं. चैताचं ऊन. मोंढ्यातल्या चहाच्या हाटेलात रेडूवर सांगितलं की आपल्या देशानं उपग्रह केला आन् तो आभाळात जाऊन धरतीभोवती फिरून राह्यला. हाटेलात कपबशाचा आवाज बंद झाला.

मुनीरनं इचारलं, "कशाचा केला म्हन्ले?"

"धातूचा," कोनी तरी सांगितलं.

"म्हंजी पत्राच की! आपल्यातल्याच कोन्या टिनवाल्यानं कापला असंल."

सगळं हाटेल हसलं. मुनीर हसला न्हाई. त्याला ते खरंच वाटून राह्यलं व्हतं. दुकानात येऊन तो लिंबाखाली बाजेवर पडला. वर पानातून उन्हाचे तुकडे खाली येत व्हते, हलत व्हते, एकमेकाला शिवत न्हवते. त्याच्या मनात आलं, त्या उपग्रहाच्या अंगावर नाव तर लिहिलंच असंल. पोत्यावर लिहावं लागतं, मंग एवढ्या मोठ्या पत्र्यावर न्हाई लिहिनार? पर ते अक्षर कसं असंल? वर ना छत, ना दोरी. वाळत कशावर घालतील? तिथं तर अक्षराचे तुकडे सुट्टे सुट्टे तरंगत असतील. एक इथं, एक तिथं. आन् तरी वाचता येत असंल, ज्याला येतं त्याला.

तवापासून त्याला हा नादच लागला. चिमनीला कथलाचा डाग देता देता हात थांबायचा. खिळ्यानं मातीत सुट्टे तुकडे काढायचा, डोळे बारीक करून पाहायचा, पायानं मोडायचा. मैमूना म्हनायची, "ये आदमी अब जमीन पे नहीं रहता." पर हे सगळं मातीत. पत्र्यावर मातर तो जुन्याच चालीनं कापायचा, दोरी आन् मधी पूल.

दसऱ्याच्या आसपास रब्बीच्या जवारीचं बियानं सुटायचे दिस आले. साहेबराव म्हनून बियान्याचा मोठा दुकानदार व्हता. त्यानं या खेपी नवीन टूम काढली. पोत्यावर गावाचं पुरं नाव नको, गावाचं पयलं अक्षर टाका, पर हातभर उंच. थप्पी लांबून ओळखू आली पायजे. अंबडचा अ, जाफराबादचा जा, असं. घनसावंगीचा घ आन् धावड्याचा ध. घनसावंगी जालन्याच्या खालच्या अंगाला, धावडा पार वर, अजिंठ्याच्या डोंगराकडं. दोन तोंडाला दोन गावं.

मुनीरनं मोठाले छापे कापले. अक्षर मोठं तर पूल बी मोठा. रेघेच्या मधोमध चांगला चार बोटाचा पूल सोडला. आता तुला वाचता येतं म्हनून तुझ्या ध्यानात आलं असंल काय झालं ते. घ आन् ध सख्खे भाऊ. डोळ्यात भरनारा फरक एवढाच, घ ची रेघ अख्खी असती आन् ध ची डाव्या अंगाला तुटलेली. घ ची रेघ मधून तोडली की झाला त्याचा ध! म चं बी तसंच. म ची रेघ तोडली की तो भ. पर ज्याला अक्षर नुस्तं दिसतं त्याला हे कोन सांगनार?

पोत्यावर कुंचा मारायला सत्यशीला व्हती. बुद्धवाड्यातली, तिशीतली, दाभनानं पोते शिवायला बी तीच आन् छापे मारायला बी तीच. कोपरापर्यंत काळी झालेली असायची. तिच्या वस्तीतल्या विहारात उषाबाई मास्तरीन आयतवारी दुपारी बायाइला अक्षरं शिकवायची. सत्यशीला तिथं नुकतीच जायला लागल्ती.

तिनं घ चा छापा मारला, ध चा मारला. मागं सरकून पाह्यलं.

"मुनीमजी," ती म्हनली, "हे दोन्ही सारखेच दिसून राह्यले की."

तातेराव मुनीम साहेबरावच्या गादीवर बसायचा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यानं मान बी वर केली न्हाई. "तुला वाचता येतं का? कुठवर आली शाळंत?"

"ग पर्यंत आले. घ पुढच्या आयतवारी हाय."

"मंग पुढच्या आयतवारी सांग. आत्ता कुंचा मार."

तिनं मारला. दोन थप्प्या लागल्या आन् दोन्हीवर ध. मुनीमानं चष्म्यातून एक थप्पी पाह्यली, ध दिसला, हमालाइला म्हनला, ही धावड्याच्या ट्रकात घाला. उरली ती घनसावंगीला. डोंगराकडचं बियानं खाली गेलं आन् खालचं डोंगरात चढलं. चार दिसानं दोन्हीकडून बोंब आली. पेरनीचा वाफसा चाललेला, आन् माल परत बोलवून परत धाडायचा! दोन गावचे लोक साहेबरावच्या गादीसमोर येऊन बसले, पानी बी पिईनात.

चूक तर तातेराव मुनीमाच्याच चष्म्याखालून गेल्ती. तो दनादना मुनीरच्या दुकानात आला आन् सगळ्या मोंढ्यादेखत ओरडला, "ए भुनीर!"

मुनीरला वाटलं, घाईत जीभ घसरली.

"तुलाच म्हनून राह्यलो, भुनीर! वर पाह्य तुझ्या पाटीवर. वीस वर्सं झाले, भुनीर लिहिलंय तिथं. म चा भ केला, घ चा ध केला. सवताचं नाव न्हाई नीट लिहिता येत आन् निघाला गावाचे नावं लिहायला!"

मोंढा हसला. कोनी दात दाखवून, कोनी तोंडाला उपरनं लावून. मुनीरनं पाटीकडं पाह्यलं. त्याला तिथं काहीच येगळं दिसंना. जसं व्हतं तसंच. आन् तेच त्याच्या जिवाला लागलं बघ. वीस वर्सं लोकं हसले, आन् आपन त्याइला सलाम करत राह्यलो.

साहेबराव मवाळ मानूस. तो मागून आला आन् हळूच म्हनला, "मुनीरभाई, आठ दिस घ्या. घ आन् ध असा कापून आना की फाटकातून कोनीबी ओळखंल. न जमलं तर मी बाहीरगावाहून तयार छापे मागवतो. मंग तुमी आपल्या चिमन्या करा."

मुनीरनं पाटी उतरवली आन् उलटी करून भिंतीला टेकवली. घरी जाऊन मैमूनाला सगळं सांगितलं. मैमूना बी न शिकलेली. तिनं ऐकून घेतलं, आन् मंग इचारलं, "तो मेरा बी म है ना? मैं बी भैमूना हुई क्या?"

मुनीरनं मान हालवली. तिला आधी हसू फुटलं, पोट धरून हसली, आन् मंग त्याचं तोंड पाहून तिचेच डोळे भरले. "भुनीर और भैमूना," ती ओढनीनं डोळे पुसत म्हनली, "शादी तो ठीक लोगां से हुई अपनी." तवा कुठं मुनीर जरासा हसला.

दुसऱ्या दिशी त्यानं पूल बारीक करून पाह्यला. पत्रा लवला, रेघ फाटली. पूल कडंला नेऊन पाह्यला. पोट गळालं. तीन दिसात सात पत्रे वाया गेले आन् मैमूनाचा डबा भरून वाहायला लागला. चवथ्या दिशी दुपारच्या सुट्टीत सत्यशीला तिथं येऊन बसली. तिला बी वाईट वाटत व्हतं, कुंचा तर तिनंच मारल्ता.

तिनं एक वाया गेलेला पत्रा उचलला आन् उन्हात धरला. "मुनीरभाई, ही वरची रेघ कशाला असती?"

"मला काय इचारती बाई. तुमच्या अक्षराची हाय."

"मी उषाबाईला इचारल्तं. ती म्हनली, रीत हाय." तिनं बोटानं ती रेघ झाकली. "कुंचा मारताना सगळ्यात जास्त रंग इथंच फुटतो. पूल बी इथंच मोडतो. आन् भांडन बी हिच्याच पाई. ह्याची रेघ अख्खी, त्याची तुटकी. मी म्हनते, सगळ्याइचीच रेघ काढून टाका! मंग कोन अख्खा आन् कोन तुटका, सवालच राहात न्हाई."

मुनीर तिच्या तोंडाकडं पाहातच राह्यला. "मंग ओळखायचा कसा घ कोनता आन् ध कोनता?"

"ध चं डाव्या अंगाचं वरचं शिंग आत वळलेलं असतं. घ चं वर जातं. उषाबाईनं काल दाखवलं. झाला माझा घ!" ती अशी म्हनली जशी काय जत्रेत बांगड्या भरून आली.

"पर अक्षर सुट्टं सुट्टं दिसंल. कोन वाचंल?"

"आभाळातलं बाजलं पाह्यलं न्हाई का तुमी? चार चांदन्या खुराच्या, आन् मागं तीन चोर. त्या खुराइला कोनी सुतळी बांधली हाय का? तरी ल्हान लेकरू बी बोट दाखवून म्हनतं, ते पाहा बाजलं."

ती उठून कामावर गेली. मुनीर बसून राह्यला. वर लिंबात ऊन हलत व्हतं. चैतापासून जे मातीत काढून मोडत आल्ता, तेच ही बाई त्याला सांगून गेल्ती.

मंग त्यानं जे कापलं ना, ते कापताना पाहायला पायजे व्हतं. कागद चिटकवलाच न्हाई. नुस्ता पत्रा मांडीवर घेतला. एकाच रुंदीच्या पट्ट्या, सगळे कोपरे गोल, जसे पान्यानं झिजलेले गोटे. घ ला चार तुकडे. उजवा दांडा येगळा, सरळ, खांबावानी. डाव्या अंगाला दोन कोर, एकीखाली एक. आन् वर उभं शिंग, टोकदार, आभाळाकडं. कोनताच तुकडा दुसऱ्याला शिवत न्हवता. सगळ्याच्या मधी बोटभर पत्रा, सगळीकडं पूलच पूल. ध बी तसाच, फकस्त शिंग आत वळून थेंबावानी झालेलं. छिन्नी पत्र्यावर अशी चालली जशी चाकू लोन्यातून. मुनीरला वाटून राह्यलं, आपन मोंढ्यात न्हाईच. कुठं तरी वर बसलोय, जिथं आवाज न्हाई, आन् खालून ही पिवळी जवारीची जिमीन हळूहळू फिरून राह्यली.

मैमूना भाकरी घेऊन आली. सवयीनं खाली बसली, हातानं माती चाचपली. एक बी चंद्रकोर न्हाई, एक बी थेंब न्हाई.

"पेटां कहां हैं?"

"पेट में," मुनीर म्हनला.

तिनं छापा उचलून पाह्यला, डोक्यावर रेघ न्हाई ते पाह्यलं. आन् कंबरेवर हात ठेवून म्हनली, "वा! मेरी ओढनी जरा सरकी तो तुम आंखां दिखाते, और हर्फां की ओढनी पूरीच उतार दिये?"

मोंढ्यात बी तेच झालं. छापे मारून पोते उन्हात ठेवले आन् लोकं जमा झाले. तातेराव मुनीमानं चष्मा वर केला, खाली केला. "हे काय? बोडकी अक्षरं! ऐन दसऱ्याच्या दिसात, बियान्याच्या पोत्यावर बोडकं अक्षर? कोनी घरात घेनार न्हाई."

सत्यशीला कुंचा धुता धुता म्हनली, "मुनीमजी, बियानं रानात जातं. रानात कोन पदर घेऊन बसतं?"

हमाल खिदळले. मुनीम म्हनला, "इचारलं न्हाई तुला."

"मागच्या वक्ताला न इचारता सांगितलं व्हतं," ती म्हनली, "तवा ऐकलं असतं तर?"

मुनीमानं चष्मा काढून धोतरानं पुसायला घेतला. साहेबरावनं मातर मिशीतल्या मिशीत हसून पाह्यलं आन् म्हनला, "वाद नको. चाळीस पोते घ चे, चाळीस ध चे, सगळे एकात एक मिसळा आन् त्या टोकाला टाका. हमालाइला फाटकात उभं करा. इथूनच बोट दाखवून सांगायचं, कोनतं कुठलं. एक बी चुकलं तर तयार छापे मागवतो."

हमालाचा म्होरक्या कचरू. काळा, थोराड, अक्षरओळख शून्य. तो फाटकात उभा राह्यला. मुनीर लिंबाला पाठ लावून उभा, हातात छिन्नी तशीच, घामानं ओली. ऐंशी पोते उन्हात पडलेले, त्याच्यावर ते काळे सुट्टे तुकडे, आन् हवा तापून थरथरत व्हती तर वाटत व्हतं तुकडे पोत्यावरून हातभर वर उचलले.

"काय म्हनून ओळखायचं मालक?" कचरूनं इचारलं.

"एक घ आन् एक ध."

"ते मला काय कळतं? मी आपला शिंगावरून सांगतो. उभ्या शिंगाचा बैल घनसावंगीला, वळल्या शिंगाचा धावड्याला. चालंल?"

"चालंल."

मंग कचरू बोट दाखवत गेला आन् बाकीचे पोते उचलत गेले. उभं, उभं, वळलेलं, उभं, वळलेलं, वळलेलं. हाटात जनावरं निवडावे तसा. बाजूला तातेराव मुनीम बी चष्मा लावून तोंडातल्या तोंडात वाचत व्हता, आन् दर पोत्याला त्याची मान आपोआप हलत व्हती. दोन थप्प्या लागल्या. साहेबराव सवता फिरून आला. ऐंशीत एक बी इकडचं तिकडं न्हवतं.

"मुनीमजी," कचरू उपरन्यानं मान पुसत म्हनला, "तुमचं वाचून चुकलं आन् आमचं न वाचता बराबर आलं. आता शाळा कोनी काढायची?"

ह्या खेपी सगळा मोंढा मुनीमावर हसला. पर तो बी मानूसच ना. मुनीरपाशी आला, खाली पाह्यलं, म्हनला, "दिसतं बरं का लांबून. माझा चष्मा जुना हाय, तरी दिसतं." त्याच्याकडून तेवढंच यायचं व्हतं, ते आलं.

साहेबरावनं सगळ्या गावाचे छापे मुनीरला सांगितले. एक अट घातली, पोत्यावर बोडकं चालंल, दुकानाच्या नावावर रेघ ठेवा, घरात म्हातारी आई हाय. मुनीर म्हनला, बराबर हाय.

मंग ते अक्षरं निघाले गावोगाव. जवारी पेरली गेली आन् रिकामे पोते लोकाच्या घरात गेले. कोनी फाडून न्हानीला पडदा केला, कोनी बैलाची झूल केली, कोनी गाडीत हंथरलं. घनसावंगीकडं एका गाडीवानानं गाडीच्या मागच्या फळीवर डांबरानं तसंच उभं शिंग काढून घेतलं. टेंभुर्नीच्या ब्यांडवाल्यानं ढोलावर आपल्या गावाचा ट तसाच सुट्ट्या तुकड्याचा कापून मागितला. म्हनला, "चांदावरून आल्यावानी दिसतंय, लग्नात लोकं ढोलाकडंच पाहतील." वडीगोद्रीला सडकंच्या कडंच्या एका सायकलवाल्यानं पाटीला तेच अक्षर घेतलं. ट्रकातून जाताना झरकन वाचता येतं म्हनायचा. आन् सत्यशीलानं विहारातल्या शाळंत पाटीवर घ काढला, रेघ दिलीच न्हाई. उषाबाई म्हनली, "रेघ राह्यली सत्यशीला." तर ही म्हनती, "आमच्या घ ला लागत न्हाई बाई."

पर मुनीरची सवताची पाटी तशीच भिंतीला तोंड करून उभी. त्यानं नवीन अक्षरात नाव कापून ठेवल्तं, दिवाळीच्याच टायमाला. म चे तुकडे, नी चे, र चा. म ला बी उभं शिंग. पर टांगत न्हवता. मैमूना रोज इचारायची, कायकू नहीं लगाते? तर म्हनायचा, थांब. वाचनारे मोंढ्यात ढीगभर व्हते. मुनीम व्हता, साहेबराव व्हता, हाटेलवाला व्हता. पर ते सगळे वीस वर्सं पाटी वाचून हसलेले, आन् एकानं बी सांगितलं न्हवतं. त्याइच्या वाचन्यावर त्याचं मन बसंना. ज्या बाईनं, अक्षर येत न्हवतं तरी सांगितलं की हे सारखेच दिसून राह्यले, तिच्याकडूनच त्याला वाचून घ्यायचं व्हतं. आन् उषाबाईची शाळा आयतवारी एक अक्षर. घ पासून म पर्यंत यायचं म्हंजी लय लांबचा रस्ता. र आन् उकार-वेलांट्या तेवढ्या तिनं उषाबाईकडून आधीच करून घेतल्त्या. मधी ट ठ ड ढ, मधी कापूसयेचनी, दोन आयतवार शाळाच न्हाई झाली. मुनीर सत्यशीलाला दर सोमवारी इचारायचा, "कुठवर आली गाडी?"

"प ला आली."

"आता?"

"ब झाला. भ पुढच्या आयतवारी."

"भ?" तो म्हनायचा, "त्यो लवकर उरकून घ्या."

पार होळीला चार दिस राह्यले तवा ती सकाळी फाटकातूनच ओरडत आली, "मुनीरभाई! म झाला!"

मुनीरनं हातातलं टाकलं. नवीन पाटी काढली, स्टुलावर चढला, खिळ्याला तारानं टांगली. या खेपी मागून पांढरा पत्रा लावला न्हाई, नुस्ती आरपार, हवेत. खाली उतरला आन् मैमूनाशेजारी उभा राह्यला. सत्यशीलानं पदर खोचला, काळं बोट वर केलं.

"म... म ला खाली उकार... मु." ती थांबली. "नी. र." परत पयल्यापासून, या खेपी एका दमात, "मुनीर."

"भ तर न्हाई?" त्यानं इचारलं.

"न्हाई हो. शिंग पाहा की. उभं हाय."

मैमूना पाटीकडं पाहातच न्हवती. ती खाली पाहात व्हती. सकाळचं ऊन पाटीतून आरपार आल्तं आन् फाटकातल्या मातीवर नाव पडल्तं, उजेडाचं, सुट्ट्या सुट्ट्या तुकड्यात, वाऱ्यानं डुलत. तेवढ्यात कचरू पाठीवर पोतं घेऊन आला. नाव मातीवरून त्याच्या पोत्यावर चढलं, दोन पावलं त्याच्यासंगं चाललं, आन् मंग खाली उतरून आपल्या जाग्यावर येऊन बसलं.